पट्टी निघेपर्यंत रांग

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी आहे. कॉम्प्युटर २०१२ चा, विंडोज ७, चार जीबी रॅम. सुरू व्हायला दहा मिनिटं. सकाळी तारीख मागची दाखवतो, जीएसटीचं पोर्टल उघडत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पट्टीची (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदाची) तिसरी प्रत पुसट येते, रिबन बदलली तरी तेच. सौदे झाले की शेतकरी पट्टीसाठी ताटकळतात. मालक म्हणतात, नवं मशीन दिवाळीनंतर. तोवर काय करावं?
– एक दिवाणजी

उत्तर : दिवाणजी, दुखणी वेगवेगळी आहेत. तारखेपासून सुरुवात करा, ते सगळ्यांत स्वस्त. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला दिसतोय. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की घड्याळ त्या सेलवरच चालतं. तारीख मागे गेली की वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, असं ब्राउझरला वाटतं आणि तो साइट अडवतो. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, क्लिप सारून सेल बदला, अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तारीख घाला.

तरी पोर्टल कुरकुरलं तर दोष ब्राउझरचा. विंडोज ७ साठी नवं क्रोम २०२३ पासून येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही १४ जानेवारी २०२० नंतर विंडोज ७ ची मोफत सुरक्षा अपडेट थांबवली. बँकेचं काम या मशीनवर नकोच.

आता दहा मिनिटं. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा तेवढा वेळ सलग पेटलेला असेल तर अडलंय हार्ड डिस्कपाशी. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क) घ्या, २४० जीबी पुरते. आधी टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. न उघडणारा बॅकअप काय कामाचा? डिस्क टकटक करत असेल तर क्लोनच्या, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवण्याच्या, फंदात पडू नका, त्या ताणाने ती मध्येच बसते. हीच एसएसडी नव्या मशीनलाही जोडता येते, हे मालकांना सांगा. कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या पंख्याखाली बसलेली हळदीची पिवळी पूड ब्लोअरने उडवा, पंखा बोटाने धरून. ती साचली की प्रोसेसर तापतो आणि वेग कमी करतो.

प्रिंटरच्या बाबतीत रिबनचे पैसे फुकट गेले. रिबनची शाई फक्त वरच्या प्रतीला लागते. खालच्या प्रती पिनांच्या ठोक्याने उमटतात. म्हणजे ठोका पोचत नाहीये. हेडजवळचा (पिना असलेल्या छापणाऱ्या भागाजवळचा) कागदाच्या जाडीचा खटका बघा. तो गरजेपेक्षा जाड कागदावर असेल तर हेड लांब राहतं. एकेक घर जवळ आणा. फार जवळ आणला तर कागदावर शाई फासते, रिबन अडकते, पिनही मोडते. अक्षरांतून आडवी पांढरी रेघ जात असेल तर पिन गेलीच आहे; मग हेडच बदलावं लागतं.

प्रिंटर मात्र काढू नका, लेझरवर कार्बन प्रत निघत नाही. त्याची केबल जुनी २५ पिनांची असेल तर नवं मशीन ठरवताना ती केबल जोडायला पॅरलल पोर्टचं कार्ड आधीच सांगून ठेवा.