जुना डिझेल ट्रॅक्टर थंड असताना लगेच सुरू होतो, पण गरम झाला की बंद पडतो. नोझल बदलले तरी फरक नाही. काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की पाऊण तास नांगरट झाली की ट्रॅक्टर दम लागल्यासारखा हळूहळू बसतो आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा चालतो. यात नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) संबंध फार क्वचित असतो. सगळे नोझल एकदम सारखे खराब होत नाहीत. एखादा बिघडला तर इंजिन धूर सोडत, ठोके देत का होईना, चालत राहतं.

आधी एवढं ठरवा: इंजिन गरम झाल्यामुळे बंद पडतंय, की ठरावीक वेळ डिझेल ओढल्यामुळे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून फसगत होते. ट्रॅक्टर पूर्ण गरम करून तासभर नुसता स्लोवर ठेवा. स्लोवर तासाला साधारण लिटरभर डिझेल लागतं, नांगरटीत त्याच्या पाच-सहा पट. स्लोवर तासभर चालला आणि लोड आल्यावर थोड्या वेळात बसला, तर बहुधा उष्णतेचा दोष नाही, डिझेल पुरत नाहीये. माझा पहिला संशय यावरच आहे.

आता बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि ट्रॅक्टर लगेच सुरू झाला, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. तारेनं मोकळं केलं की काम झालं.

तसं नसेल तर फिल्टरकडे येणारा पाईप फिल्टरपाशी सोडा आणि डिझेल स्वच्छ डब्यात पडू द्या. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप) असेल तर त्याचा हाताचा दांडा चालवत राहा. इथे बहुतेक जण घाई करतात: चार थेंब जोरात पडले की 'डिझेल येतंय' म्हणून पाईप जोडून टाकतात. दोन-तीन लिटर पडेपर्यंत थांबा. टाकीतला गाळ, गंजाची पापडी किंवा पालापाचोळा प्रवाहाबरोबर हळूहळू कॉकच्या तोंडाशी येतो आणि इंजिन थांबलं की परत खाली बसतो. 'अर्ध्या तासाने आपोआप बरा होतो' त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. धार आधी जाड आणि मग बारीक होत गेली तर टाकी उतरवून धुवा, कॉकवरची जाळी साफ करा. फिल्टर दोन असतील तर दोन्ही एकदम बदला, आणि बॅन्जो बोल्टची (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) भोकं उजेडासमोर धरून बघा.

धार चांगली आहे, तरी शंका उरली? पाच लिटरचा कॅन इंजेक्शन पंपापेक्षा (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपापेक्षा) उंच, पण सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा आणि त्याचा पाईप थेट फिल्टरच्या इनलेटला जोडा. पंपाला जोडू नका, कचरा आत गेला तर पंप जाईल. हवा काढून ट्रॅक्टर कामाला लावा. असा न थांबता चालला तर दोष टाकी, पाईप किंवा फीड पंपात. तरीही बंद पडला तर फिल्टर किंवा त्याच्या पुढे.

रेस आपोआप वरखाली होऊन मग बंद पडत असेल, तर पाईप कुठेतरी हवा घेतोय. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. बॅन्जोचे जुने कॉपर वॉशर पुन्हा वापरू नका. हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. नोझलच्या फवाऱ्याजवळ हात नेऊ नका. शंभर बारच्या कितीतरी वरचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

इंजिन चावी फिरवल्यासारखं झटक्यात बंद होत असेल तर डिझेलच्या मागे लागू नका. पंपावर स्टॉप सोलेनॉइड (विजेवर डिझेल चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) असेल तर बंद पडल्यावर चावी चालू ठेवून तिथे १२ व्होल्ट येतात का ते पाहा. व्होल्ट आहेत पण 'टक' आवाज नाही, तर गरम झाल्यावर कॉइल तुटतेय. व्होल्टच नाहीत तर वायर किंवा चावीचा स्विच.

या सगळ्यातून सुटला आणि इंजेक्शन पंप रोटरी प्रकारचा असेल, तर त्याच्याकडे वळा. त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या हेड-रोटरमधून (दाब तयार करून डिझेल वाटणाऱ्या जोडीतून) मागे गळतं, त्यामुळे सेल्फच्या कमी फेऱ्यांवर दाब तयार होत नाही. खूण अशी की गरम असताना सेल्फ मारला तर धुराड्यातून धूरच येत नाही. पांढरा धूर आला तर डिझेल पोहोचतंय. मग टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघा. धूर नसेल तर इंजिन बंद ठेवून पंपाच्या हेडवर ओलं फडकं पंधरा मिनिटं गुंडाळा. चालू पंपावर गार पाणी कधीही ओतू नका, रोटर जॅम होतो. फडक्यानंतर पटकन सुरू झाला तर पंप टेस्ट बेंचवर न्या. हेड आणि रोटर जोडीनंच बदलावे लागतात, घरी खोलू नका.

आणि आजच, पुढचा सेल्फ मारण्याआधी, ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटून डिझेल इंजिनात उतरत असू शकतं. अशा पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. डायाफ्राम आणि ऑइल बदलल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू नका.