घाडगेंवरच्या भाषणाबद्दल थोडं

प्रिय बाळा,

तुझं भाषण वाचलं. मेहनत घेतलीयस हे दिसतंय, पण वीर, शूर, अमर यातच तीन पानं गेली आणि नाईक (हा पलटणीतला हुद्दा) यशवंत घाडगे हा पोरगा त्यात कुठे दिसलाच नाही. पोरगाच म्हणतोय मी, कारण गेला तेव्हा वय २२, म्हणजे जवळपास तुझ्याएवढाच.

गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. इथूनच सुरू कर. आपल्याकडं भाताचं एक पीक, त्यावर वर्ष निघत नाही, मग घरातला एखादा मुंबईला गिरणीत नाहीतर पलटणीत, आणि मनीऑर्डरची वाट बघणारं घर मागे. हा मराठा पलटणीत गेला, तिसरी बटालियन, आणि तिथून दुसऱ्या महायुद्धात थेट इटली.

१० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. त्याच्या सेक्शनवर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून शत्रूची मशीनगन सुरू झाली, सगळे मेले नाहीतर जखमी झाले, उभा राहिला एकटा सेक्शन कमांडर म्हणजे हाच. तो सरळ त्या गनवर धावला, आधी ग्रेनेड, त्यात गन आणि चालवणारा दोन्ही संपले, मग टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगननं, अजून एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या आणि त्यानं एकट्यानं घेतलेल्या त्याच मशीनगनच्या ठाण्यात तो गेला. हा भाग तू दोन ओळीत उरकलायस. तसं करू नकोस, सावकाश सांग, आणि टाळ्यांसाठी थांबू नकोस, ते दोघंही कुणाचीतरी पोरं होती.

आणि "इंग्रजांसाठी लढला" हा प्रश्न तू गाळलायस, मला ते अजिबात पटलं नाही. पोरं विचारणारच. सरळ सांग की १९३९ ला व्हाइसरॉयनं इथल्या कुणाला न विचारता देशाला युद्धात ओढलं, बेचाळीसला चले जाव झालं, एकाच वेळी कुणाचा पोरगा तुरुंगात होता आणि कुणाचा पलटणीत. यातला एक मोठा करायला दुसऱ्याला लहान करायची गरजच नाही.

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला तो मरणोत्तर. देह सापडला नाही, नाव आहे इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, जिथं थडगं माहीत नसलेल्या चार हजारांवर सैनिकांची नावं आहेत. २०२३ ला तिथल्याच मोंतोने गावात त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं, त्यावर लिहिलंय की सगळे एकाच सूर्याखाली. हे नक्की घे, मशीनगनवरच्या त्या माणसांनाही त्यात जागा आहे.

आता विशेषणं काढ, पान दीड पान उरलं तरी चालेल. आणि लिहायच्या आधी माणगावला त्याचा पुतळा आहे तो बघून ये, शक्य झालं तर पळसगावलाही जा, म्हाताऱ्या माणसांशी बोल. रविवारपर्यंत दुसरा ड्राफ्ट पाठव, मी रात्री वाचून लगेच कळवतो.

तुझा,
सर