एका वर्षी दोन चतुर्थ्या

प्रश्न : आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून टिळक पंचांग पाळतात. 2023 साली आमच्याकडे गणपती 20 ऑगस्टला आले आणि वाडीतल्या बाकी सगळ्यांकडे 19 सप्टेंबरला. नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. तो आरतीला उभा राहिला, मोदक खाल्ले आणि रात्री मला म्हणाला, "आजी, दोन्ही पंचांगं आकाशाच्या गणितावर चालतात म्हणतेस, मग चतुर्थी दोनदा कशी? एक तरी खोटं असणार. श्रद्धा आणि विज्ञान एका घरात नांदत नाहीत, हेच खरं." मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मनात सलतंय. त्याला काय सांगू?
— एक आजी, चिपळूण

उत्तर : ताई, माझ्या माहेरीही टिळक पंचांग. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात माझे वडील, अण्णा, उपाध्येपण करायचे. पुढे मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे तुमच्या नातवाचा प्रश्न माझ्या दोन्ही घरांतून येतो. तो प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्याला रागावला नाहीत हे फार चांगलं केलंत. आता पुढच्या सुट्टीत त्याला वही-पेन घेऊन शेजारी बसवा आणि दोघं मिळून हे गणित करा.

चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी 11 दिवसांची तूट पडते. ती भरायला साधारण 32-33 महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. कुठला महिना, याचा नियम असा : ज्या चांद्र महिन्यात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातच नाही, म्हणजे संक्रांत होत नाही, तो अधिक. 2023 मध्ये एक अमावास्या 17 जुलैच्या मध्यरात्री संपली आणि पुढची 16 ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास. वाडीतले बाकीचे पाळतात त्या दाते पंचांगाच्या हिशोबाने सूर्य सिंहेत गेला 17 ऑगस्टच्या दुपारी. म्हणजे अमावास्या संपल्यावर जेमतेम एका दिवसाने. त्या महिन्यात संक्रांत सापडली नाही, म्हणून तो अधिक श्रावण झाला आणि गणपती महिनाभर पुढे गेले. टिळक पंचांगात सिंह संक्रांत चार दिवस आधी, 13 ऑगस्टच्या आसपास येते. ती महिन्याच्या पोटात पडली, अधिक महिना झालाच नाही आणि तुमचे बाप्पा 20 ऑगस्टला पाटावर बसले.

आता हे चार दिवस आले कुठून? राशिचक्राची सुरुवात कुठे धरायची यावर आपल्याकडे जुना वाद आहे. एक पक्ष चित्रा नक्षत्राच्या तारेवरून आरंभस्थान ठरवतो, तो चित्रापक्ष; दाते पंचांग त्यातलं. दुसरा रेवतीची तारा धरतो, तो रैवतपक्ष; टिळक पंचांग त्यातलं. दोन्हींच्या आरंभस्थानांत सुमारे चार अंशांचं अंतर आहे. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, म्हणून चार दिवस. टिळक पंचांगाची मकर संक्रांत 10 जानेवारीला का येते, तेही यातच आलं.

नातवाला इथे थांबवून विचारा : या दोन पंचांगांत अमावास्येची वेळ वेगळी आहे का? ग्रहणाची? नाही. चंद्र-सूर्याच्या जागांबद्दल दोघांचं भांडण नाही. भांडण आहे ते मोजपट्टीचं शून्य कुठे ठेवायचं याचं. आकाशात रेघ आखलेली नाही, ती माणसाने आखली. तेव्हा 'एक तरी खोटं' हे त्याचं म्हणणं इथे लागू पडत नाही. तो इंजिनिअर होतोय, जमिनीची उंची मोजताना शून्य ठरवून घ्यावं लागतं हे त्याला लगेच पटेल.

खरं सांगायचं तर हा वाद ज्यांनी घातला ती माणसं मला फार आवडतात. केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत हे त्यांना दिसत होतं, म्हणून 1865 पासून त्यांनी नव्या गणिताचं पंचांग काढायला घेतलं. आबासाहेब पटवर्धनांचा पाठिंबा होता, म्हणून ते पटवर्धनी पंचांग. त्यांनी रेवतीची तारा धरली. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांच्याच हाताखाली गणित शिकले. पलीकडच्या बाजूला बागलकोटचे शाळामास्तर व्यंकटेश बापूजी केतकर, चित्रापक्षाचे. कर्मकांड पाळणारी, संध्या करणारी ही पिढी. आणि भांडत होती कशावरून, तर आपल्या एकादशीची वेळ खऱ्या चंद्राशी जुळते की नाही यावरून!

त्याआधीचं एक घराणं तर आपल्याच किनाऱ्यावरचं. मुरूडजवळचं नांदगाव तुम्हाला माहीत असेलच. तिथे केशव दैवज्ञ राहायचे. त्यांनी वर्तवलेलं ग्रहण एकदा चुकलं, अधिकाऱ्याने टिंगल केली, तेव्हा ते गावातल्या गणपतीपाशी तपाला बसले आणि 'मीच तुझ्या पोटी जन्म घेतो' असा त्यांना दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका आहे. मुलगा झाला, त्याचं नाव गणेश. याच गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला आणि पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर निघाली.

आता आख्यायिका बाजूला ठेवा आणि ग्रंथात काय आहे ते बघा. सूर्यसिद्धान्त म्हणजे प्रत्यक्ष सूर्याने सांगितलेला, अशी श्रद्धा. पण गणेश दैवज्ञ लिहितात : सूर्य सौर पक्षाचा, म्हणजे सूर्यसिद्धान्ताच्या गणिताचा घ्या. चंद्रही सौर पक्षाचा, पण त्यातून 9 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा करा. गुरू आर्य पक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेतल्या गणिताचा घ्या. शनीही आर्य पक्षाचा, पण त्यात 5 अंश मिळवा. का? तर असे घेतले की ते 'दृक्तुल्य' होतात, डोळ्यांना दिसतात तिथे येतात. त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी तर आणखी स्पष्ट लिहून ठेवलंय की पुढे अंतर पडत जाईल, तेव्हा पुढच्या चांगल्या गणकांनी ग्रहांची युती, उदय-अस्त पाहून आकडे कमी-जास्त करावेत.

ताई, हे वाचते तेव्हा मला भरून येतं. ज्या माणसाच्या जन्माची गोष्ट गणपतीच्या दृष्टान्तापासून सुरू होते, तो देवाने सांगितलेल्या आकड्यातून 9 कला वजा करतो, आणि त्याचा हात थरथरत नाही. नातवाला हे नक्की सांगा.

मात्र सगळीकडे असं झालं नाही, हेही त्याच्यापासून लपवू नका. इसवी सन 499 मध्ये आर्यभटाने लिहून ठेवलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. त्यानंतर शंभरावर वर्षांनी ब्रह्मगुप्त आला. तो असामान्य गणिती. ग्रहणाचं गणित सावलीवरूनच करायचा. आणि तरी राहू नाकारणाऱ्यांना त्याने दटावलं, कारण राहू श्रुती-स्मृतींत आहे. येवढ्या मोठ्या माणसाने असं करावं याचं मला आजही दुःख होतं. आणि आजची आपली चूक : मकर संक्रांतीला आपण अजून 'उत्तरायण लागलं' म्हणतो. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हाची सूर्याची जागा, साधारण 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण बरोबर होते, आता तीन आठवड्यांहून जास्त फरक पडलाय. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली 1952 मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, 1955 मध्ये अहवाल आला आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आकाशवाणीवर तारीख सांगतात ती. आपल्या घरांत मात्र ती आली नाही. केशव दैवज्ञांनी सांगितलेलं काम आपण अर्धवट टाकलंय, असं मला वाटतं.

अण्णांची एक आठवण सांगते. 16 फेब्रुवारी 1980, शनिवार. मी सातवीत होते. खग्रास पट्टा कारवार-हुबळीवरून गेला, आमच्याकडे ग्रहण खंडग्रास पण मोठं होतं. गावात दारं बंद. अण्णा सोवळ्यात माजघरात जपाला बसले होते. आमचं घर कौलारू, फटींतून सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडायचे, रोज गोल. त्या दुपारी अण्णांनी मला खुणेने जवळ बोलावलं. सगळे कवडसे एका बाजूने खाल्ल्यासारखे दिसत होते. बघता बघता जमिनीवर पंधरा-वीस चंद्रकोरी झाल्या. अण्णांनी आकाशवाणीवर घड्याळ लावून घेतलं होतं. एका हातात माळ, दुसऱ्या हातात कोळसा. कोर बारीक होईल तसतशी ते कोळशाने कड आखायचे आणि मिनिटं सांगायचे. मी पाटीवर लिहायचे. मोक्ष झाल्यावर आंघोळ करून आले, पंचांगातली वेळ आणि माझी पाटी शेजारी ठेवली आणि पंचांगाच्या समासात शाईने लिहिलं, 'जुळलं.' कवडसा हे सूर्याचं चित्र असतं हे मी पुढे भौतिकशास्त्रात शिकले, पण पाहिलं होतं ते अण्णांच्या माळेशेजारी बसून.

नातवाला म्हणावं, तुझ्या आजीच्या घरचे गणपती त्या वर्षी महिनाभर आधी आले, कारण कुणीतरी एका तारेकडे बघून हट्ट धरला होता. ती रेवतीची तारा अंधूक आहे, पण अंधाऱ्या रात्री वाडीतून दिसते. शरद ऋतूत त्याला दाखवा.

प्रश्न : 7 सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणाला माझ्या पत्नीला सहावा महिना होता. आईने दुपारी एकपासून तिला काही खाऊ दिलं नाही, रात्री दीडपर्यंत पाणीही नाही. सुरी-कात्री बंद, झोपायचं नाही. मी बोललो तर आई रडली, "बाळाचा ओठ फाटला तर?" घरात अजून अबोला आहे. कोणाची बाजू घेऊ?
— एक नोकरदार, सांगली

उत्तर : पत्नीची. आणि आईंना न दुखावता.

आधी शरीराचं सांगते. बाळाचा ओठ आणि टाळू गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. सहाव्या महिन्यात सुरी धरल्याने जुळलेला ओठ फाटत नाही. दुभंगलेल्या ओठाची कारणं म्हणजे अनुवंश, काही औषधं, धूम्रपान, आईचा मधुमेह अशी आहेत. चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही. बारा तास पाणी न मिळाल्याने त्याच्या आईला मात्र होतं.

त्याच 1980 च्या ग्रहणाला माझी थोरली वहिनी सातव्या महिन्यात होती. मी आणि अण्णा माजघरात कवडसे मोजत होतो तेव्हा ती मागच्या अंधाऱ्या खोलीत हात-पाय न हलवता बसली होती. घोटभर पाणी नाही. मोक्षानंतर बाहेर आली आणि उंबऱ्यातच चक्कर येऊन पडली. बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप राहिली. पण अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "मी मिनिटं मोजत बसलो आणि घरातली पोर तहानलेली आहे हे माझ्या लक्षात आलं नाही." पुढच्या ग्रहणापासून गावातल्या गरोदर बायकांच्या घरी ते स्वतः आधी जाऊन सांगून यायचे : पाणी प्या, पेज घ्या, दोष माझ्याकडे.

आईंशी वाद घालू नका, घरातलं पंचांग उघडा. ग्रहणाच्या माहितीत बाल, वृद्ध, आजारी, अशक्त आणि गर्भवती यांच्यासाठी वेध उशिरापासून पाळावेत, अशी वेगळी वेळ दिलेली असते. आईंना ती ओळ स्वतः वाचू द्या. तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांना मुलाने सुनेची कड घेतल्यासारखं वाटेल, पंचांगातलं तसं वाटणार नाही. ही सवलत मला पुरेशी वाटत नाही, पाण्यावर कसलंच बंधन नको असं माझं स्पष्ट मत आहे. पण दार इथून उघडतं. उरलेलं पत्नीच्या डॉक्टरीणबाईंकडून आईंना समोर बसवून सांगून घ्या. सासूबाई तपासणीला बरोबर गेल्या तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

आईंची भीती खरी आहे, तिला हसू नका. जप करायचा तर जरूर करू द्या, शेजारी बसा. पुढच्या खग्रास चंद्रग्रहणाला त्यांना गच्चीवर घेऊन जा. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला काही धोका नसतो. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला तांबडा उजेड चंद्रावर पडतो, तो तांब्याच्या परातीसारखा लाल दिसतो. तोवर मूल झालेलं असेल. त्याला आजीच्या मांडीवर द्या आणि आईंना विचारा, त्यांच्या लहानपणी त्यांना कुणी ग्रहण बघू दिलं होतं का.