दोन फुटी टँकमध्ये कोणते सिक्लिड ठेवावेत?

तुमचा टँक दोन बाय एक बाय एक फुटाचा, पाणी महापालिकेच्या नळाचं, आणि दुकानदार म्हणतोय ऑस्करची चार पिल्लं घ्या. घेऊ नका. मी घेतली होती. दोन इंची, मखमली काळी, बोट दाखवलं की काचेशी धावत येणारी. आठ महिन्यांत एकेक वीतभर झालं, आणि सिडकोतल्या आमच्या हॉलमधल्या टँकमध्ये त्यांना वळायला जागा उरली नाही. ऑस्कर फूटभर वाढतो हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सिक्लिड हे माशांचं मोठं खानदान आहे. ऑस्कर त्यातलाच, मासळी बाजारातली चिलापी त्यातलीच, एंजलही त्यातलाच (त्याला उंच टँक लागतो, तुमचा फूटभर उंचीचा चालणार नाही). वाळू-दगड वजा जाता तुमच्याकडे जेमतेम पन्नास लिटर पाणी राहतं. त्यात छोट्या सिक्लिडची एकच जोडी.

माझं मत क्रिबेन्सिसला. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, नर चारेक इंच, मादी त्याहून लहान. नारळाच्या करवंटीला कडेला अंगठा जाईल एवढी खाच पाडा, उकळून घ्या आणि वाळूवर पालथी घाला. रंगात आली की मादीचं पोट पिकल्या जांभळासारखं होतं, आणि इथे नराला तीच रिझवते, अंग वाकवून थरथरते. मग करवंटीत शिरून तोंडाने वाळू भरभरून बाहेर थुंकते. काही दिवस दिसतच नाही, आणि एका सकाळी पिल्लांचा ढग घेऊन बाहेर येते. तेव्हा तळाशी दुसरा मासा नको. माझ्या तळाशी वावरणाऱ्या कोरीडोरस माशांच्या शेपट्या त्याच आठवड्यात कुरतडल्या गेल्या.

जर्मन ब्लू रॅम हाही छोटा सिक्लिड, दिसायला देखणा, पण त्याला २७ ते ३० अंश ऊब आणि मऊ पाणी लागतं. पहिल्यांदाच पाळताय तर त्यापेक्षा बोलिव्हियन रॅम बरा, रंगाला फिका पण चिवट. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे दोन इंची सिक्लिड शोधा. फ्लॉवरहॉर्न आणि मलावी सरोवरातले पिवळे-निळे सिक्लिड एवढ्या टँकसाठी विसरा.

हीटर मात्र हवाच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी थंडीत पारा दहाच्या खाली जातो. १०० वॅटचा घ्या, २६ वर ठेवा. मासे आणण्याआधी महिनाभर टँकमध्ये नुसतं पाणी भरून फिल्टर चालवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. खाद्य कुजून पाण्यात होणारी विषं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, शून्यावर आली की मगच मासे.

आणि जोडी म्हणून कुठलेही दोन उचलू नका. चार-पाच लहान घ्या, दोघांचं जमलं की बाकीचे परत करा. परत घेणार का, हे दुकानात आधीच विचारा. माझे ऑस्कर कोणी घेईना.