ट्रॅक्टरला रेडियल टायर घ्यावेत की नायलॉनचे?

प्रश्न : माझ्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे मागील टायर १३.६-२८ मापाचे असून ते झिजले आहेत. भारी काळ्या जमिनीत नांगरताना चाके घसरतात, डिझेल जास्त लागते. गळीत हंगामात उसाची ट्रॉलीही ओढतो. दुकानदार रेडियल सुचवतात, पण ते महाग आहेत. कोणते घ्यावेत?

उत्तर : आपल्याकडे ज्याला नायलॉन टायर म्हणतात, तो क्रॉस-प्लाय बांधणीचा असतो. त्यातील दोऱ्यांचे थर तिरपे आणि एकमेकांना छेदत बसवलेले असल्याने टायरची बाजू आणि जमिनीला टेकणारा तळ एकत्रच हलतात. बाजू दबली की तळही वाकतो आणि नक्षीची पकड कमी होते. रेडियलमध्ये दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या जातात आणि तळाखाली वेगळे पट्टे असतात. त्यामुळे बाजू लवचिक राहूनही तळ सपाट टेकतो, ठसा लांब पडतो, एका वेळी जास्त नक्षी मातीत रुतते आणि वजन पसरल्याने जमीनही कमी दबते. आपल्या मापाचा रेडियल ३४०/८५ आर २८ या नावाने मिळतो.

मात्र खर्च करण्यापूर्वी घसरण मोजावी, असा माझा आग्रह आहे. मागच्या चाकावर खडूने खूण करावी, नांगर उचलून त्याच शेतात चाकाचे १० फेरे होऊ द्यावेत आणि अंतर मोजावे. मग नांगर लावून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर भरले, तर घसरण १५ टक्के झाली. नांगरटीत ती साधारण ८ ते १५ टक्के असावी. त्याहून जास्त असेल तर आधी हवेचा दाब आणि चाकावरील वजन तपासावे. वाफसा नसताना नांगरट करू नये, कारण चिकट मातीने नक्षीच्या खाचा भरल्या की चाक गुळगुळीत पिंपासारखे जागेवर फिरते आणि तेव्हा कोणत्याही बांधणीचा टायर उपयोगी पडत नाही.

रेडियल घेतल्यावर एक चूक हमखास होते. त्याची बाजू योग्य दाबातही फुगलेली दिसते, म्हणून हवा कमी आहे असे समजून चालक ती वाढवतात आणि ज्या लांब ठशासाठी पैसे मोजले तोच आखूड होतो. हवा नजरेने ठरवू नये. मीटर लावून, टायर उत्पादकाच्या तक्त्यातील वजनाप्रमाणे भरावी. शेतातील कमी दाब तसाच ठेवून भरलेली ट्रॉली रस्त्यावर नेल्यास लवचिक बाजूंमुळे ट्रॅक्टर वळणावर डुलतो, म्हणून रस्त्यावर निघण्यापूर्वी दाब वाढवणे आवश्यक आहे. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरल्यास बाजू ताठ होतात, त्यामुळे रेडियलला लोखंडी वजने लावणे चांगले.

आपले वर्षातील बहुतेक तास नांगरटीत जात असतील, तर रेडियलची जादा किंमत देणे योग्य ठरेल. ट्रॉलीचे काम अधिक असेल, किंवा बाभळीचे काटे आणि दगड असलेल्या पाणंदीतून रोजची ये-जा असेल, तर ताठ बाजूंचा क्रॉस-प्लायच घ्यावा, कारण रेडियलची पातळ बाजू लवकर चिरते. मागच्या दोन्ही चाकांना एकाच बांधणीचे टायर बसवावेत. ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा असेल, तर पुढच्या टायरशी मेळ बसतो का हे उत्पादकाकडून विचारून घ्यावे, अन्यथा गिअरवर ताण येतो. बसवताना टायरवरील बाण पुढे जाण्याच्या दिशेने फिरेल याची खात्री करावी. टायर उलटा बसल्यास नक्षीतील चिखल बाहेर फेकला जाण्याऐवजी मध्येच साचतो.