भाषण आणि हल्ला: धागा कसा जुळवायचा?

प्रश्न: एखाद्या नेत्याने अल्पसंख्य समाजाविरुद्ध गरळ ओकली आणि आठवड्याभरात त्या समाजातल्या माणसावर हल्ला झाला. भाषणामुळेच झाला, असं म्हणावं का?

एकाच हल्ल्यावरून म्हणू नये. हल्लेखोराने ते भाषण ऐकलं होतं का, हेच पुष्कळदा ठाऊक नसतं. संबंध दिसतो तो अनेक ठिकाणं शेजारी ठेवून पाहिल्यावर. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली तुत्सी या अल्पसंख्य समाजाचा वंशसंहार झाला, तेव्हा आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तुत्सींना ‘इन्येन्झी’ म्हणजे झुरळं म्हणत होतं. देश डोंगराळ. एका गावात आवाज स्वच्छ यायचा, टेकडीआडच्या गावात नुसती खरखर. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने नेमका हा फरक धरून हिशेब मांडला, तेव्हा हिंसेतला सुमारे १० टक्के वाटा रेडिओचा निघाला. सगळ्या अभ्यासकांना हा आकडा पटलेला नाही. पण तो मानला तरी उरलेल्या हिंसेसाठी लष्कर, टोळ्या आणि स्थानिक अधिकारी यांच्याकडेच पाहावं लागतं.

मुळात भाषणाने नवा द्वेष फारसा पेरला जात नाही, आमच्या मते भीड चेपते. अमेरिकेत २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी आणि नंतर त्याच लोकांना प्रश्न विचारले गेले. प्रचारात लक्ष्य झालेल्या गटांबद्दल वाईट बोलणं आता अधिक चालतं, असं त्यांना निकालानंतर वाटू लागलं होतं. त्यांनी सांगितलेला स्वतःचा आकस मात्र वाढला नव्हता.

प्रश्न: पोलिसांकडे द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांच्या नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले का? लोक आता तक्रार जास्त करतात, असंही ऐकतो.

दोन्ही होऊ शकतं. इंग्लंड-वेल्समध्ये जुलै २०१५ला वंश किंवा धर्माच्या द्वेषातून झालेले ३,८८६ गुन्हे नोंदले गेले, जुलै २०१६ला ५,४६८, म्हणजे ४१ टक्के जास्त. मध्ये २३ जूनचं ब्रेक्झिट सार्वमत. तिथल्या पोलिसांची नोंदणीही त्या काळात सुधारत होती, पण नोंदणी सुधारली की आलेख हळूहळू चढतो. एका महिन्यात उसळून पुन्हा खाली येत नाही. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, असे गुन्हे तसेही वाढतात. दुसरी कसोटी: तोच गुन्हा, पण द्वेषाचा हेतू नसलेला, तोही तेवढाच वाढला का? नसेल तर वाढीचं कारण त्या हेतूतच शोधावं लागतं. गुन्हे मुळातच थोडे असतील तर टक्केवारीवर जाऊ नका. दोनाचे चार झाले तरी ‘दुप्पट’ छापून येतं.

प्रश्न: तक्रार देताना काय चुकतं?

‘शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलं जातं. हल्लेखोराचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत, शिवीसकट लिहा. हेतू बहुधा त्यावरूनच सिद्ध होतो. मजकूर ऑनलाइन असेल तर तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तोही मजकूर हटवण्याची मागणी करण्याआधी.