गेम लँडवर फिरायला गेलो आणि समोर मेलेलं हरीण

प्रश्न : ताई, आम्ही उन्हाळ्यात पुण्याहून पिट्सबर्गजवळ राहायला आलोय. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी जवळच्या स्टेट गेम लँडवर ट्रेलला गेलो तर पार्किंगमध्येच पिकअपच्या मागे मेलेलं हरीण, बाजूला बंदूकवाले चौघे. लेक रडायलाच लागली. सरकारी जंगलात अशी उघड शिकार कशी चालते? आणि शेजारी हरणाचं मटण देतायत ते घ्यावं का?

उत्तर : लेकीला आधी जवळ घे गं, मी पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार म्हणजे गुन्हा, म्हणून आपल्याला धक्का बसतो. पण गेम लँड म्हणजे अभयारण्य नाही, ती वन्यजीवांसाठी आणि शिकारीसाठी राखलेली राज्याची जमीन. पेनसिल्व्हेनियात ही जमीन जवळपास १५ लाख एकर आहे, पहिला तुकडा १९२० मध्ये घेतला, आणि त्यातली बरीचशी शिकाऱ्यांच्या लायसन्सच्या पैशातून घेतलेली आहे. शिवाय १९३७ च्या अमेरिकी केंद्र सरकारच्या कायद्याने रायफल, काडतुसं यांवर ११ टक्के कर लागतो, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. तू ज्या ट्रेलवर चाललीस ते जंगल या लोकांच्या पैशाने टिकलंय हे मला तरी विसरता येत नाही.

हरणं इथे १९०० च्या सुमारास जवळपास संपली होती, आता लांडगे नाहीत आणि हरणं एवढी की कोवळी रोपं खाऊन टाकतात, नवीन झाड वरच येत नाही. कुठे कुंपण घातलेला तुकडा दिसला तर थांबून बघ, आत कोवळी रोपं आणि बाहेर नुसतं नेच्याचं रान. म्हणून संख्या आटोक्यात ठेवायला शिकार, पण मादीसाठी वेगळं लायसन्स, मारलं की जागेवरून हलवायच्या आधी कानाला टॅग, सगळं नियमात. ससा, खार यांचे सीझन वेगळे, फेझंट या पक्ष्याला तर वेगळं परमिट लागतं.

आता तुमचं. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर गेम लँडवर नुसतं फिरणाऱ्यालाही भडक नारिंगी घालणं बंधनकारक आहे, डोकं छाती पाठ मिळून २५० चौरस इंच, किंवा निदान नारिंगी टोपी. मी तर म्हणते टोपी आणि जॅकेट दोन्ही घाला, लेकीलाही, हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही पण माणसाला लांबून दिसतो. रविवारी शिकार नसते असं जुने लोक सांगतील, त्यावर जाऊ नका, २०२५ मध्ये कायदा बदललाय आणि आता काही रविवारी चालते. सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आसपास तर जाऊच नका.

मटण खुशाल घे, शिकारीचं मटण विकायला बंदी आहे त्यामुळे ते प्रेमानेच देतायत. फक्त दोन गोष्टी विचार. हरीण कुठल्या भागातलं, कारण काही भागांत सीडब्ल्यूडी नावाचा हरणांचा आजार आहे, तिथलं असेल तर टेस्ट झाली का, आणि पॉझिटिव्ह आली असेल तर अजिबात खायचं नाही. दुसरं, गोळी शिशाची होती का. असेल तर जखमेच्या आजूबाजूचं मांस भरपूर कापून टाकलंय ना ते विचार, शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि घरात लहान मूल आहे.